ताईने सांगून ठेवलेली लस

ताई पौषात गेली. तिच्यामागे जी कामं राहिली त्यांत एक लस होती. वार्षिक परीक्षा संपली की नातीला ती टोचून आणायची, असं ताईने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ताई पॅथॉलॉजीची डॉक्टर. औषधपाण्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे, त्यामुळे कोणी हो-नाही केलं नव्हतं. पण परीक्षेच्या आधीच ती गेली, झोपेत, कोणाला हाकही न मारता. ज्याचा शब्द शेवटचा ते माणूसच उठून गेलं, की त्याने सांगून ठेवलेलं किती पटकन नुसतं आठवणीत जमा होतं, ते मी या उन्हाळ्यात पाहिलं.

मी तिची धाकटी बहीण. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर याच शहरात, हरिशंकरपुरम वस्तीत, ताईच्या घरी राहायला आले. घरात ताईचा मुलगा, सूनबाई आणि त्यांची लेक, जिला आता पंधरावं चालू आहे. बोलायचं ताईने आणि वाचायचं मी, अशी आमची दोघींची लहानपणापासूनची वाटणी. ती गेल्यावर घरात बोलायचं कोणी, हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि बरेच दिवस मी तो हातातल्या पुस्तकाखाली झाकून ठेवला.

परीक्षा संपल्यावर मी एकदा सूनबाईंना विचारलं, "लसीचं काय करायचं?"

त्या पोळ्या लाटत होत्या. "करू ना मावशी. पण साल होऊन जाऊ दे. मम्मींचं वर्षश्राद्ध झालं की लगवून टाकू."

"वर्षश्राद्धाचा आणि लसीचा काय संबंध?"

"संबंध काही नाही हो. पण या वर्षात नवीन काही करत नाहीत ना आपल्यात. सण नाही, कपडे नाहीत. आणि पोरीला सुई टोचायला घेऊन फिरले तर लोक म्हणतील, सासू गेली आणि हिला बरं सुचतंय."

सूनबाई मनाच्या चांगल्या आहेत. ताईचं आजारपण नव्हतंच, पण असतं तर त्यांनी काही कमी पडू दिलं नसतं. एका वर्षाने तसं फार बिघडणारही नव्हतं. पंधरा वर्षं पूर्ण झाली की दोन सुयांच्या जागी तीन लागतात, एवढाच काय तो फरक, असं ताईच सांगायची. तरी मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आमच्या घरात उशीर हा उशीर म्हणून कधी आलेला नाही. तो नेहमी रीत म्हणून आला. एकदा तो असाच आला होता, आणि त्यात आमची आई गेली होती.

ही लस गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची आहे. तो होऊच नये म्हणून मुलींना लहान वयात देतात. आमची आई त्याच दुखण्याने गेली. हे शेवटचं वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलेलं नाही. "पोटाच्या दुखण्याने गेली" असं वडील सांगत, आम्ही सांगत असू, आणि ताईच्या मुलालाही तेवढंच माहीत होतं. ताईने जन्मभर इतरांच्या बायका-मुलींना हे नाव घेऊन समजावलं, पण स्वतःच्या आईच्या बाबतीत तिचीही जीभ उचलत नसे.

आम्ही तेव्हा माधवगंजात राहत होतो, एका देवळाच्या मागच्या घरात, वरच्या मजल्यावर. वडील सचिवालयात कारकून. त्यांनी नोकरीला सुरुवात केली तेव्हा ते दरबारचे नोकर होते. मग संस्थान विलीन झालं, आणि त्याच टेबलाशी बसून ते मध्यभारत या नव्या राज्याचे नोकर झाले. "मी कुठेच गेलो नाही, राज्यंच माझ्या टेबलावरून जातात," असं ते म्हणायचे. त्या टेबलावर त्यांचा विश्वास होता. पुढे छप्पन साली पुन्हा नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि तेव्हा मात्र टेबल आणि वडील दोघांनाही हलावं लागलं.

घरात काका-काकूही होते. काका फारसे बोलत नसत आणि या गोष्टीत ते येत नाहीत. काकू येते. काकू म्हणजे घराचं तोंड आणि घराचे हातही. देवाचं, स्वयंपाकाचं, सोवळ्या-ओवळ्याचं सगळं तिच्या नजरेखाली चाले. दक्षिणेतून आमचे लोक इकडे येऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण काकूला विचारलं तर कालच सामान उतरवलं असावं असं ती बोलायची. इकडच्या शेजारणींशी तिचं गुळपीठ होतं, त्यांच्याशी ती खणखणीत हिंदी बोलायची, पण चुलीपाशी रीत आपलीच.

त्या रितीप्रमाणे पाळी आलेल्या बाईने तीन दिवस बाजूला बसायचं. आमच्याकडे त्याला नुसतं 'बसणं' म्हणत. जिन्यालगत एक अरुंद खोली होती. तिच्यात चटई, वेगळं ताट, एक पितळी तांब्या. बसलेल्या बाईला कोणी शिवायचं नाही. ताट उंबऱ्यापाशी सरकवायचं. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात यायची.

जसं बसण्याला ओवळं होतं तसा पाळी जाण्याला मान होता. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. त्यांचा पुरणाचा, सोळा भाज्यांचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा असतो, आणि मध्येच बसायची पाळी येईल अशा बाईवर तो कोणी सोपवत नाही. आम्ही दोघी आईला बऱ्याच उशिरा झालेल्या. मी आठेक वर्षांची असताना तिची पाळी गेली आणि त्या भाद्रपदात काकूने पुरणाचं पातेलं पहिल्यांदा तिच्या हाती दिलं. "घे बाई, आता तुला बढती मिळाली," काकू म्हणाली. आईला मी इतकं ताठ चालताना त्याआधी पाहिलं नव्हतं. रेशमी सोवळं नेसून ती चुलीपुढे बसली होती आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हती, अगदी काकूलाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला पुन्हा रक्त दिसलं.

घरात कोणी घाबरलं नाही. घाबरण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. रक्त दिसलं की काय करायचं हे घराला पाठ होतं. आई आपली चटई घेऊन जिन्यालगतच्या खोलीत जाऊन बसली. काकू उंबऱ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काय ग, मध्यभारत जायला निघाला आणि तुझं गेलेलं परत आलं?"

आई तोंडाला पदर लावून हसली. "माझा काय दोष वहिनी? सगळीकडेच उलथापालथ चालली आहे."

"बस बस. तेवढीच विश्रांती. पण भाद्रपदाच्या आत आवरतं घे म्हणावं."

शेजारपाजारच्या बायकांतही तो विनोद फिरला. कोणी म्हणाली, बदलीच्या काळजीने होतं असं. कोणी म्हणाली, उष्णतेने होतं, सब्जा घाल दुधातून. काकूने सब्जा घातला, गुलकंद दिला. तिने जे जे केलं ते मायेने केलं, हे मला सांगायलाच हवं.

आणि मी? मी त्या दिवसांत फार सुखात होते. एरवी आई सकाळपासून चुलीपाशी असायची. तिला ऐकायला वेळ नसे. ती बसली की तिला काहीच काम नसायचं. मी शाळेतून आले की उंबऱ्याच्या अलीकडे मांडी घालून बसायची आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक तिला वाचून दाखवायची. माझा आवाज तेव्हाही बारीक. आतून ती म्हणायची, "मोठ्याने ग, जरा मोठ्याने. पाखरू बोलतंय की पोरगी?" मी आवाज चढवायची. खाली देवळात घंटा वाजली की थांबायची, आणि घंटेचा आवाज विरला की पुन्हा सुरू करायची. मोठ्याने, थांबत, समोरच्याला कळेल असं वाचायला मी त्या उंबऱ्यावर शिकले. ते आईचं दुखणं होतं हे मला पुष्कळ वर्षांनी नीट उमगलं. तरी त्या दुपारी माझ्याकडून कोणी काढून घ्याव्यात असं मला वाटत नाही. तिने त्या मला दिल्या आणि मी घेतल्या.

ओळखलं ते ताईने. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची पाळी नुकतीच सुरू झाली होती, आणि दोघी एकदमच बसल्या की ती आईबरोबर त्या खोलीत असायची. मला उंबऱ्याबाहेरून जे दिसत नव्हतं ते तिला आत दिसलं. भाद्रपदात आईला पुन्हा बसावं लागलं, पुरणाचं पातेलं काकूकडे परत गेलं, आणि आई भिंतीकडे तोंड करून रडली, तेव्हाही ताई आतच होती. चौथ्या दिवशी न्हाऊन ती सरळ काकूपुढे जाऊन उभी राहिली.

"काकू, आईचं हे माझ्यासारखं नाही. हे काहीतरी वेगळं आहे."

काकू डाळ निवडत होती. "तुला ग काय माहिती वेगळं? कालपरवा बसायला लागलीस, आणि आज वैद्यीण?"

"वास वेगळा आहे. आणि ती पाठ धरून असते रात्रभर."

"पुरे. मुलीच्या जातीने असलं बोलू नये. जा, पाणी भर."

दिवाळीच्याच दिवसांत नवं राज्य आलं. वडील ट्रंक आणि वळकटी घेऊन भोपाळला गेले. तिथे राहायला घरं पुरेशी नव्हती. चार-चार कारकून एका खोलीत राहत होते, म्हणून आम्हाला इथेच ठेवलं होतं. शहराच्या आमच्या लष्कर भागातली कितीतरी मराठी घरं त्या हिवाळ्यात अशी अर्धी झाली होती. खासगी बाजार नावाच्या पेठेतून जाताना भेटणारी प्रत्येक बाई दुसरीला विचारायची, "तुमचे गेले का?" आमच्या घरातही तेवढाच एक विषय होता, आणि त्या विषयाआड आईचं बसणं वाढत गेलं. आधी महिन्याने, मग पंधरवड्याने, मग ती उठली कधी आणि बसली कधी हे कळेनासं झालं.

वडील संक्रांतीला आले. सकाळी ते गच्चीत उन्हाला बसून वर्तमानपत्र वाचत होते. ताईने चहा नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिली. मी दाराशी होते. आमच्या वेळी वडिलांशी शाळा आणि देव सोडून दुसरं काही बोलायची सवय मुलींना नव्हती.

"बाबा, आई सारखी बसते," ताई म्हणाली.

वडिलांनी वर पाहिलं नाही. "बरं."

"बरं नाही. तिचं गेलं होतं ते उन्हाळ्यात परत आलं. आता थांबतच नाही. ती उठून चालली की भिंत धरते. तुम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे न्या."

वडिलांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांचे कान लाल झाले होते. "मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्हाला हे सांगायची रीत नाही," ताई म्हणाली. तिच्या हातातली बशी वाजत होती.

त्याच दिवशी टांगा आला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, हात धुतले, आणि वडिलांना बाजूला बोलावलं. पुढे मुंबई, रेडियमचे उपचार, परत येणं. वडिलांच्या साहेबांनी रजा वाढवून दिली. शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला घातलं. मुंबईला वडील आईला घेऊन ज्यांच्याकडे उतरले त्या दूरच्या नातेवाइकांनी आपली एकुलती खोली आईला दिली. या सगळ्यांची मी आजही ऋणी आहे. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या की उन्हाळ्यात आणायला हवं होतं. आई पुढच्या श्रावणात गेली. शेवटी शेवटी तिला कोणी बाजूला बसवलं नाही. काकूने तिला देवघराशेजारच्या खोलीत ठेवलं होतं आणि तिचं सगळं काकूने आपल्या हातांनी केलं, शिवाशिव विसरून.

त्यानंतर काकूने जिन्यालगतच्या खोलीत लाकडं भरली. आमचे दिवस आले की म्हणायची, "देवघरात तेवढं जाऊ नका. बाकी कुठेही बसा." आणि ताईने डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर वडील जेव्हा, मुलीचं लग्न, इतकी वर्षं, खर्च, असं काहीबाही बोलू लागले, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "शिकू दे तिला," ती म्हणाली. "ती मला सांगत होती. मी तिला पाणी भरायला पाठवलं." एवढंच बोलून ती आत गेली. ताई इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकली, आणि पहिल्या पगाराची साडी तिने काकूला नेसवली.

ताईने शस्त्रक्रियेचा विभाग घेतला नाही, बाळंतपणाचा घेतला नाही. तिने सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा घेतल्या. गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून घेतलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पाहत बसायचं. त्यात बिघडू लागलेल्या पेशी वेळेवर दिसल्या तर बाई वाचते. "मीही आता बसतेच," ती म्हणायची, "पण काम घेऊन."

ती शिकत होती तेव्हाच्या पुस्तकांत या रोगाची कारणं दिलेली असत: लवकर लग्न, पुष्कळ बाळंतपणं, अस्वच्छता. शेवटच्या शब्दावर ती दर वेळी भडकायची. "अस्वच्छता! आपली आई! जी दिवसातून दोनदा न्हायची आणि धुतलेल्या हातांनी पुन्हा हात धुवायची!" मी ग्रंथालयात होते म्हणून तिला हवी ती वैद्यकीय नियतकालिकं मी इकडून तिकडून मागवून द्यायची. ती माझ्याच टेबलाच्या टोकाला बसून वाचायची आणि मध्येच मला सांगायची. मला निम्मं कळायचं. पण आपल्या आईच्या मृत्यूचं कारण जगात कुठेतरी कोणीतरी शोधत आहे, आणि ते माझ्या टेबलापर्यंत टपालाने येतं, याचं मला फार नवल वाटायचं.

आधी एका विषाणूवर संशय होता, तो चुकीचा निघाला. मग युरोपातल्या एका प्रयोगशाळेत दाखवून दिलं की हा चामखिळीच्या कुळातला विषाणू आहे. ताईला त्या दिवशी हसू आवरेना. "चामखीळ! जिला आपण घोड्याचा केस बांधायचो!" मग ती म्हणाली, "म्हणजे हा साध्या संसारातून येतो. नवऱ्याकडून बायकोकडे. बहुतेक जणींना कधीतरी होतो आणि आपला आपण जातो. एखादीत राहतो. आईने काहीच केलं नव्हतं ग. काहीच चुकलं नव्हतं तिचं." तेव्हा ताई चाळिशीत होती, आणि आईवरचा एक डाग पुसला गेल्यासारखी रडली. तो डाग कोणी लावलाही नव्हता. पुस्तकातल्या एका शब्दाने लावला होता.

विषाणू सापडला, पण त्याची लस होईना, कारण तो प्रयोगशाळेत धड वाढतच नव्हता. तेव्हा कोणाला तरी सुचलं की अख्खा विषाणू हवाच कशाला? त्याचं वरचं कवच ज्या प्रथिनाचं असतं तेवढंच यीस्टकडून बनवून घेतलं. त्या प्रथिनाचे तुकडे आपले आपण जुळले आणि बाहेरून हुबेहूब विषाणू दिसेल असा पोकळ गोळा झाला. आत काही नाही.

हे मला समजेना. दिवाळी जवळ आली होती, आम्ही करंज्या करत होतो. ताईने एक करंजी सारण न भरताच मिटली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही काय आहे?"

"करंजी," मी म्हटलं.

"आत सारण आहे?"

"नाही."

"मग करंजी म्हणून ओळखलीस कशी?"

"आकारावरून."

"तेच. शरीरातले पहारेकरीही आकारावरून ओळखतात. अशी रिकामी करंजी त्यांना दाखवून ठेवायची. पुढे खरी, विषाने भरलेली आली, की ते तिला दारातच धरतात." मग स्वतःशीच हसली. "काकू असती तर म्हणाली असती, खुळखुळी करंजी केलीस, आता त्याचं व्याख्यान देतेस!"

ती लस माणसांना देऊन पाहायची तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या तरुण मुलींनी आपले दंड पुढे केले, आणि त्या वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिल्या. आमच्या आईचं त्यांना नावही माहीत नाही. ताई म्हणायची, देवापुढे दिवा लावताना या मुलींसाठी एक वात जास्त घालावी. ती खरंच घालायची. पुढे ही लस आपल्या देशातही होऊ लागली, तेव्हा ताईने घरी तिळाची गजक वाटली होती. त्याच वेळी नातीचा गाल ओढून ती म्हणाली होती, "तू मोठी हो लवकर. तुझ्यासाठी एक रिकामी करंजी ठेवली आहे."

एवढं सगळं माझ्याजवळ होतं, आणि मी ते कोणाला सांगत नव्हते.

वैशाखात ताईचं मासिक श्राद्ध होतं. गुरुजी जेवून गेले, मुलगा कामावर गेला, आणि सूनबाई नि मी मागचं आवरत होतो. सूनबाई म्हणाल्या, "मम्मींच्या आईचं पान पण आज वाढलं ना मी. त्या पोटाच्या दुखण्याने गेल्या ना?"

मी हातातली वाटी खाली ठेवली. ताईने गच्चीत उभं राहून वडिलांना सांगितलं तेव्हा तिच्या हातातली बशी वाजत होती, ते मला आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "पोटाच्या नाही." आणि मग मी बसून सगळं सांगितलं. जिन्यालगतची खोली, पुरणाचं पातेलं, काकूचा विनोद, सब्जा, संक्रांत. मला बोलायची सवय नाही. मी मध्ये मध्ये थांबत होते. सूनबाईंनी एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इतकं बोलता? मम्मी होत्या तेव्हा तर तुम्ही नुसतं हूं-हूं करायच्या."

"ती होती तेव्हा मला गरज नव्हती."

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "मला पण खरं सांगू? सालाचं मी बहाणा म्हणून सांगत होते. मोबाईलवर काय काय येतं, पुढे जाऊन मुलं होत नाहीत म्हणे. आणि ती अजून लहान आहे हो. तिला आत्तापासून त्या गोष्टीची लस... कसंतरीच वाटतं."

"मुलं न होण्याचं खोटं आहे. ताईने स्वतः सगळं वाचलं होतं, आणि तिने आपल्या नातीसाठीच ठरवलं होतं ना? आणि लहान आहे म्हणूनच आता द्यायची. पहारेकऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. चोर येऊन गेल्यावर काय उपयोग?"

"मम्मींनी मला हे त्यांच्या आईचं का नाही सांगितलं?"

"तिलाही सांगायची सवय नव्हती. आमच्यात कोणालाच नव्हती."

इतक्यात दारातून आवाज आला. पोरगी तिथे केव्हापासून उभी होती कोण जाणे. "मम्मा, मला लगवायची आहे. आजीने प्रॉमिस घेतलं होतं माझं. आणि तुम्ही दोघी इतकं रोताय कशाला, सुई तो मुझे लगनी है!"

सूनबाई हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघा, ही आजीवरच गेली. परवाच जाऊ. आणि कोणी काही म्हटलं तर मी सांगेन, सासूबाईंचं राहिलेलं काम करून आले." त्यांना हे सुचलं याबद्दल मी त्यांची किती आभारी आहे ते मला त्यांना सांगता आलं नाही. मी फक्त वाट्या उचलल्या.

दवाखान्यात सूनबाई पैसे भरायच्या खिडकीशी थांबल्या आणि मी मुलीबरोबर आत गेले. सुई दंडात गेली आणि आली. पोरीने एक डोळा मिटला होता तो उघडायच्या आतच. नर्सने कापूस दाबून धरायला सांगितला. लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच, हे तिने ताईसारखंच बजावलं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या सुईला यायला सांगितलं. मी मनात हिशोब केला. दुसरी सुईही ताईच्या वर्षश्राद्धाच्या आतच येत होती.

"कुछ मुलींना चक्कर येते," नर्स म्हणाली. ती आमच्याकडचीच, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारी. "थोडी देर वहाँ बेंचपर बैठो बेटा. उठायचं नाही, मी सांगेपर्यंत."

भिंतीलगत एक बाक होता, इतरांपासून थोडा बाजूला. पोरगी त्यावर जाऊन बसली. क्षणभर मी उभीच राहिले, जणू मध्ये उंबरा असावा. मग तिनेच शेजारची जागा थोपटली. "ये ना मावशीआजी." मी तिच्या अगदी जवळ बसले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. तिचा सुई टोचलेला हात मी माझ्या हातात घेतला. तो गरम होता आणि घामाने ओलसर होता.

"बोअर होतंय," ती म्हणाली. "मोबाईल मम्माकडे आहे. काहीतरी सांग ना. नाहीतर वाच. तुझ्या पर्समध्ये पुस्तक असतंच."

होतंच. मी चष्मा लावला, खूण ठेवलेलं पान उघडलं आणि वाचू लागले. बाहेर कोणी नावं पुकारत होतं, एक लहान मूल रडत होतं.

"ऐकू येत नाहीये," ती खांद्यावरून म्हणाली. "जरा मोठ्याने वाच ना."

मी आवाज चढवला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.